अंगणातून रेडिओ दुरुस्त करण्याची रीत

माझी नात पुण्यात एका कंपनीत बसून दिवसभर लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरची आणि मोबाइलची दुखणी ऐकते. समोर ना मशीन, ना माणूस. कानाला यंत्र लावायचं आणि विचारायचं, काकू, दिवा लागलाय का, कोणत्या रंगाचा, आता काय दिसतंय. आमच्या घरी सगळ्यांना याचं फार नवल. मला नाही. हेच काम मी पन्नास वर्षांपूर्वी आसेगावात केलं आहे, फोनशिवाय, लोकांच्या अंगणात उभं राहून. तिनं मशीनला हात न लावण्याचं कारण एवढंच की मशीन लांब असतं. माझं मशीन दहा पावलांवर असायचं.

तेव्हा आमचं गाव अकोला जिल्ह्यात होतं, वाशीम जिल्हा पुढे झाला. मॅट्रिक झाल्यावर मी अकोल्याला एका रेडिओच्या दुकानात अडीच वर्षं काढली. उस्ताद मोठे कडक. पहिले तीन महिने त्यांनी मला पेचकस धरू दिला नाही. "पहले पूछो, बाद में खोलो," म्हणायचे. गिऱ्हाईक आलं की त्याला विचारायचं: आवाज हळूहळू गेला की एकदम? दिवा लागतो का? घुरघुर येते का? लेकरानं पाडला का? निम्मे रोग बोलण्यातच सापडायचे. मी हे फार चांगलं शिकलो.

मग वडिलांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं, घरी दुसरं कोणी कर्तं नव्हतं, म्हणून परत आलो. सोबत एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात पेचकस, पक्कड, मीटर आणि कैया, म्हणजे तारांना कथिलाचा डाग देऊन सांधायची विजेची सळई. आणि आमच्या बौद्ध वस्तीत वीज नव्हती. खांब गावातल्या मोठ्या घरांपर्यंत येऊन थांबले होते, पुढे यायला त्यांना बहुतेक वाट सापडत नव्हती. चुलीतल्या निखाऱ्यात लोखंडी सळई तापवून मी डाग धरतो का ते पाहिलं. धरला नाही. वर आईच्या शिव्या खाल्ल्या.

दुकान टाकायचं तर वीज असलेली खोली हवी. तशी एकच खोली गावात रिकामी होती, एस.टी. थांब्याजवळ, मंगरूळपीरच्या रस्त्याला तोंड करून. आत एक बल्ब होता आणि भिंतीला खटका. ती खोली गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराची. त्यांना सगळे मालक म्हणत, मीही म्हणायचो. मी त्यांच्याकडे गेलो आणि हात जोडून खोली मागितली.

"देतो ना," मालक म्हणाले. "तुले नाई त कोनाले देऊ? गावात दुसरा हाये कोन? पन पयले घरचा सेट त पाह्य. आठ दिवसापासून मुका झाला."

मी पेटी उचलून ओट्याची पायरी चढायला लागलो.

"तिथूनच सांग ना बाप्पा," मालक म्हणाले. "पाय भरले असतीन तुहे."

माझे पाय स्वच्छ होते. पण मी खाली पाहिलं, जणू खरंच भरले असावेत. याचा मला आजही राग येतो, त्यांच्या बोलण्याचा नाही तेवढा.

सेट आत, मधल्या खोलीत, देवाच्या फळीवर होता. वर क्रोशाचं झाकण. आमच्या घरांनी धम्म घेऊन वीसेक वर्षं होत आली होती, आणि मालकांच्या फळीवरच्या देवांशी माझं काही भांडण नव्हतं. पण त्या फळीजवळ मी जायचं नाही, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. मालकांचा पुतण्या आत गेला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, कॉलेजात दोनदा नापास होऊन घरी बसलेला, स्वभावानं चांगला. हो, चांगला होता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मी अंगणातून विचारलं, "भाऊ, दिवा लागते काय?"

"लागते."

"मांगचा पुठ्ठा काढा. पयले प्लग उपसा. काचीचे बल्ब दिसतात? सगळे लागून राह्यले होते काय?"

"एक थंडगार हाये."

"तो हलकेच दाबा. ढिल्ला असंन."

त्यानं दाबला, प्लग लावला, आणि मिनिटभरानं आतून नागपूर स्टेशन बोलायला लागलं. घरातल्या बाया हसल्या, मालक हसले, मीही हसलो. मला चहा मिळाला, कानतुटक्या कपात. तो कप त्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळा ठेवला गेला.

ही बातमी गावभर झाली. हात न लावता रेडिओ दुरुस्त करणारा माणूस! लोक कौतुकानं म्हणायचे आणि मी कौतुकानं ऐकून घ्यायचो. ज्याच्या-त्याच्या घरून बोलावणं यायचं. ट्रान्झिस्टरही गावात बरेच आले होते. लोकांचे प्रश्न काय सांगू? भजनाला सेल कमी लागतात आणि सिनेमाच्या गाण्याला जास्त, हे खरं काय? सेल पापडासोबत उन्हात वाळवले तर किती दिवस पुरतात? रेडिओच्या सरकारी लायसनच्या पुस्तकावर बापाचं नाव आहे आणि बाप वारला, तर आता आवाज बंद होईल काय? एका आजीनं विचारलं, बातम्या सांगणाऱ्या बाईला आपलं घर दिसते काय, कारण मी तिच्यासमोर लुगडं बदलते. मी कुणाला हसलो नाही. ट्रान्झिस्टर विहिरीकडे तोंड करून ठेवला तरच स्टेशन लागतं म्हणून एक जण विहिरीची पूजा घालायला निघाला होता. त्याला मी समजावलं की आतली काळी कांडी ज्या बाजूला आडवी होते त्यावर ते असतं, विहिरीचा यात काही हात नाही.

आमच्या वस्तीतल्या लोकांचे ट्रान्झिस्टर मी मांडीवर घेऊन उघडायचो. गावातले मात्र अंगणातून. कारणं दर वेळी नवी असायची. पाय भरलेत. आताच सारवलं. बाया जेवून राहिल्या. पूजा झाली आताच. चार वर्षांत माझे पाय एकदाही स्वच्छ झाले नाहीत आणि त्या बायांचं जेवण एकदाही संपलं नाही.

मी हे का चालू ठेवलं? खोलीसाठी. दर वेळी मालक म्हणायचे, "दिवाळी होऊ दे." मग, "कापूस निघू दे." मग, "खोलीत सरकीची ढेप ठेवली हाये, ते हलली का तुहीच." मी घरी येऊन वडिलांना सांगायचो. ते अंधारात भिंतीला टेकून बसलेले असायचे आणि विचारायचे, दाराचं तोंड कोन्या दिशेले? टेबल कुठी ठिवशीन? मी सांगायचो. खिडकीपाशी टेबल, म्हणजे उजेड हातावर येईल. माझे हात आणि उघडा सेट यांच्यामध्ये कुणी नसेल, मला फक्त एवढं पाहिजे होतं.

हळूहळू साध्या उत्तरांवर भागेना. मालकांच्या सेटचा डाग सुटला. अंगणातून डाग देता येत नाही. मी म्हटलं, सेट बाहेर आणा. मालक म्हणाले, देवाच्या फळीवरचा सेट बाहेर कसा आणू? मग मीच पेटीतला कैया काढून पुतण्याच्या हाती दिला. कैया आत गेला. माझ्या हातातली सळई त्या घरात चालत होती. मी अंगणातून सांगत गेलो, तार खरवडा, आधी तार तापवा, मग कथील लावा, हलवू नका, फुंकू नका. पहिला डाग वाटाण्याएवढा बसला. तिसऱ्यांदा नीट बसला. त्याला स्वतःचाच अभिमान वाटला आणि तो ओट्यावर येऊन मला म्हणाला, "गड्या, तू लय मस्त समजावून सांगतं."

असं मी त्याला चार वर्षं शिकवलं. डायलचा दोरा कसा गुंडाळायचा, कंडेन्सर फुगला की कसा ओळखायचा, मीटरचा काटा काय बोलतो. तो गावातल्या इतर घरीही माझ्याबरोबर यायला लागला. तो आत, मी अंगणात. एकट्यानं मला कुणी आत घेतलं नसतं, म्हणून मला तो सोयीचाच वाटायचा. इतका मी शहाणा.

एक दिवस मंगरूळपीरहून पेंटर आला आणि एस.टी. थांब्याजवळच्या खोलीवर पाटी रंगवायला बसला. ढेप हललेली होती. दार धुतलेलं होतं. मी रस्त्यावरून पाहिलं तर पाटीवर लाल अक्षरांत 'रेडिओ' झालं होतं आणि 'दुरुस्ती'चा दु चालला होता. मला वाटलं, मिळाली खोली. मालकांनी न सांगता, अचानक! मी धावत जाऊन पेंटरसाठी तांब्याभर पाणी आणलं. तो परगावचा, घटाघट प्यायला. मी विचारलं, खाली नाव काय टाकनार? त्यानं खिशातला कागद काढून दाखवला. पुतण्याचं नाव होतं.

मी तसाच मालकांकडे गेलो. म्हटलं, "मालक, खोली मले देनार होते ना तुमी?"

"अबे, मंग त्यात तुह्यं काय बिघडलं?" ते अगदी मनापासून म्हणाले. "पोरगं घरी बसून राह्यलं होतं, धंद्याले लागलं. आन तू त हायेसच ना सांगाले."

घरी वडिलांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, अजून ढेप हाये.

उद्घाटनाला मी जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो. माणूस जातोच. नारळ फुटला, पेढे वाटले, पाहुणे खुर्च्यांवर बसले. टेबलावर मालकांनी अकोल्याहून आणलेला नवा मोठा सेट होता. टेबल खिडकीपाशीच ठेवलं होतं. पुतण्यानं खटका दाबला. डायल उजळला, थोडी घुरघुर आली, आणि पुढे काही नाही. त्यानं काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. नागपूर नाही, काहीच नाही. पाहुणे एकमेकांकडे पाहायला लागले. पुतण्यानं खटका बंद करून पुन्हा दाबला.

गर्दीत मालकांना मी दिसलो. "अरे, तो पाहा उभा हाये! सांग ना याले!"

लोक बाजूला झाले. मी पायरीखाली जाऊन उभा राहिलो. पुतण्यानं आतून सांगितलं, "दिवा लागते, घुरघुर येते, पन टेशन एकई लागत नाई."

मला लगेच कळलं. अशा मोठ्या सेटना बाजूला एक बटण असतं, ग्रामोफोन जोडायचा असेल तर फिरवायचं. ते तिकडे फिरलेलं राहिलं की रेडिओ मुका होतो. एक बोट लावायचं काम. उत्तर ओठांवर आलं होतं. आणि सेटच्या बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं उत्तर दिलं.

"मांगचा पुठ्ठा काढा," मी म्हटलं. "आत पत्र्याच्या चौकोनी डब्या हायेत ना, त्याइचे पेच दोन-दोन फेरे फिरवा."

ते पेच कारखान्यात बसवलेले असतात. ते फिरवले की सेटचा सूरच जातो, आणि तो परत जुळवायला अकोल्याशिवाय उपाय नाही. चारचौघांत, पहिल्याच दिवशी, त्याच्या हातून नवा सेट मरावा, असं मला वाटलं. फार जोरात वाटलं. त्यात मला आज काही लपवायचं नाही.

पुतण्यानं पुठ्ठा काढला. पेचकस आत घातला. आणि थांबला. दाराकडे वळून माझ्याकडे पाहत म्हणाला, "त्या पेचाले कधीच हात लावाचा नाई, असं तूच सांगतलं होतं मले."

 तो सेटकडे वळला आणि स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू येईल असं बोलायला लागला. दिवा लागते. म्हंजे लाइन हाये. घुरघुर येते. म्हंजे स्पीकर चांगला. मंग बाहीरचे बटन पाहू पयले. माझेच प्रश्न, माझ्याच क्रमानं, कुठेही न अडखळता. त्याचं बोट बाजूच्या बटणावर गेलं, बटण फिरलं, आणि गाणं इतक्या मोठ्यानं लागलं की एस.टी.ची वाट पाहणारे लोकही वळून पाहायला लागले.

टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, "काय मास्तर, इसरले वाट्टे!" सगळे हसले. वाईट हसले नाहीत, गमतीनं हसले. आमच्या वस्तीतले दोघे-तिघे मागे उभे होते, तेही हसले.

मी काय करायचं होतं? मुद्दाम चुकीचं सांगितलं असं म्हणावं तर मी बदमाश. नाही म्हणावं तर मी अडाणी. चार वर्षं एकही उत्तर चुकलं नव्हतं, आणि ते सिद्ध करायला आता माझ्यापाशी फक्त माझी बदमाशी उरली होती.

पुतण्याला माझी दया आली असावी. आनंदात होता, मन मोठं झालं होतं. दारात येऊन तो म्हणाला, "अरे, उभा काहून हायेस बाहीर? ये ना आतमधी. तुले दाखवतो."

मी चपला काढल्या. पायरी चढून आत गेलो. त्यानं माझं मनगट धरून माझं बोट त्या बटणावर ठेवलं आणि लहान पोराला सांगावं तसं हळू, समजावून सांगितलं की हे असं असलं म्हणजे ग्रामोफोन आणि असं केलं म्हणजे रेडिओ.

"समजलं ना?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "हो भाऊ. चुकलं माह्यं."