दोघांनाही अमेरिका

सोमवारी पहिल्या तासाला हजेरी घेतली आणि एकाच गावची अठरा पोरं गैरहजर निघाली. पोरी धरून. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून त्याच रस्त्याने जावं लागतं.

मी पांढरकवड्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या प्राचार्य देवतळे मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

"सर, अठरा टीसी मागून राह्यले. काय शिकवलं तुम्ही त्याईले?"

"शीतयुद्ध."

"ते तर कधीचं संपलं ना?"

"शनिवारी परत सुरू झालं, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. हसण्यासारखं नव्हतंच. बारावी आर्ट्सची आमची एकच तुकडी. अठरा गेले की पट कमी, पट कमी की तुकडी बंद, आणि तुकडी बंद की मी 'अतिरिक्त'. म्हणजे वर्ग नसलेला, नुसता उरलेला शिक्षक. त्याला सरकार जागा रिकामी असेल तिथे पाठवतं.

शनिवारी घडलं ते असं. दुसऱ्या महायुद्धानंतर जग दोन गटांत कसं विभागलं, हा धडा होता. पुस्तकातून वाचला की पोरं जांभया देतात. म्हणून मी विचारलं, "तुमच्या गावात गट किती?" अठराही जण एका सुरात म्हणाले, "दोन." ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. मग मला चेव आला. फळ्यावर लिहिलं, वामनरावांचं पॅनल म्हणजे अमेरिका, किसनरावांचं म्हणजे सोव्हिएत रशिया. दोघांचाही चहा पिणारा पानठेलेवाला म्हणजे अलिप्त देश. अमेरिकेखाली लिहिलं, 'मदत देऊन छोट्यांना वळवतो.' रशियाखाली, 'शेवटी फुटला.' तास इतका रंगला की फळा पुसायचं राहून गेलं. कोणीतरी फोटो काढला. संध्याकाळी तो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता.

मॅडमच्या केबिनमधून निघालो तो मोटरसायकलने थेट गावात. आधी किसनरावांकडे.

"माहं पॅनल फुटलं म्हून कोनं सांगतलं तुमाले?"

"भाऊ, रशिया फुटला."

"मंग मले रशिया काहून केलं? अमेरिका करा."

मला पोरं परत हवी होती. म्हटलं, करतो.

शंभर पावलांवर वामनरावांचं घर. त्यांचा राग 'मदत' या शब्दावर. "मी काय साड्या वाटून राह्यलो का, सर?" मी म्हटलं, ती ओळ गेली समजा, अमेरिका मात्र तुम्हीच. ते शांत झाले. गाडीला किक मारताना मला वाटलं, आपण परराष्ट्र खात्यातच जायला हवं होतं.

दोन बाजूंना दोन वेगळी वचनं, याला गुप्त करार म्हणतात. हे मीच शिकवतो. तो फार दिवस गुप्त राहत नाही, हेही मीच शिकवतो. या वेळी पानठेल्यापर्यंतच टिकला.

मंगळवारी वामनराव आणि किसनराव एकाच जीपमधून कॉलेजात उतरले. हे दोघं एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जात नव्हते.

"मॅडम, याईनं दोघायलेही अमेरिका कबूल केली," वामनराव म्हणाले.

"एकाच दिवशी," किसनरावांनी भर घातली.

मी उभ्या उभ्या माफी मागितली. तेवढ्यावर भागलं नाही. गावाच्या ग्रुपवर खुलासा टाकायचा ठरला. मजकूर दोघांनी मिळून सांगितला, मी मोबाइलवर टाइप केला. 'दोन्ही पॅनल मजबूत आहेत' हे वाक्य किसनरावांनी घालायला लावलं. वामनराव म्हणाले, "आन् चूक सरची, हे वर घ्या."

बुधवारी अठराही पोरं वर्गात होती. तुकडी वाचली. तिच्या मागे मीही.

युतीला समान शत्रू लागतो, हे वाक्य मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. ती जागा कोणाला तरी भरावी लागते, हे पुस्तकात नाही. आता देशांची उदाहरणं देशांवरूनच देतो.

निवडणूक होऊन गेली. पानठेल्यावर दोघं पुन्हा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. माझी मोटरसायकल दिसली, की तेवढ्यापुरते वळतात आणि सोबत हसतात.