काकांच्या वतीने

बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत, एका काकांचं सुट्या भागांचं दुकान होतं. इंजिनिअरिंगला असताना प्रोजेक्टच्या सामानासाठी मी तिथे जायचे. काकांना माल विकण्यापेक्षा न विकण्यात जास्त रस. "हा घेऊ नका, तापतो," नाहीतर "तुमचं सर्किटच चुकलंय, ते आधी बघा, मग या." सगळ्या विद्यार्थ्यांना अहोजाहो, आणि त्या अहोजाहोतच पुरेसा अपमान. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून, आमच्या नात्यात इंजिनिअर कोणी नव्हतं. माझी सर्किटची आकृती समोर ठेवून शेवटपर्यंत वाचणारा पहिला माणूस म्हणजे हे काका.

पुढे मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. तिथे आमच्या गटाकडे कारखान्यांसाठी आपणहून खरेदी करणारा प्रोग्रॅम बनवायचं काम आलं. आम्ही त्याला एजंट म्हणायचो. कारखान्याला काही हवं असलं की हा एजंट पुरवठादारांच्या एजंटांशी बोलायचा, घासाघीस करायचा, तारीख पक्की करायचा. समोरच्याने दिलेला शब्द आणि नंतर घडलेली गोष्ट यांची तुलना करून कोणावर किती विश्वास टाकायचा, तेही तोच ठरवायचा. माणसाने मध्ये पडायचं नाही, ही कारखान्याचीच अट होती. आधी खरेदी खात्यात ओळखीपाळखीने फार गोंधळ झाले होते. अट मलाही पटली होती.

चाकणच्या ज्या कारखान्यात हे सुरू झालं, तिथे काका वर्षानुवर्षं वायरी जोडायचे कनेक्टर पुरवत होते. आता त्यांनाही स्वतःचा एजंट घेणं भाग पडलं. त्यांनी मला फोन केला.

"एजंट म्हणजे आरटीओबाहेर उभे असतात तसा?"

"तसाच. फक्त हा चहाला थांबत नाही."

"मग त्याला माणसं कशी कळणार?" ते म्हणाले.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. मग एकदा काकांकडे आलेल्या मालात खोट निघाली. कनेक्टरवरचा मुलामा नखाने निघत होता. त्यांनी तो माल बाजूला काढला आणि कारखान्याला आधीच कळवलं की हा पाठवत नाही, चांगला येतोय, दोन दिवस थांबा. आमच्या एजंटने यातून एवढंच घेतलं, की या माणसाने शब्द बदलला. त्याच खोटीचा माल दुसऱ्या एका पुरवठादाराने ठरल्या वेळी पोचवला, त्याच्यावरचा विश्वास वाढला. ते कनेक्टर नंतर खराब निघाले, पण ती तक्रार दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या यंत्रणेत गेली. आमच्या एजंटपर्यंत ती पोचतच नव्हती.

काकांना ऑर्डरी येणं थांबलं. ते मला म्हणाले, "ऑर्डर नको देऊ देत. माझं काय चुकलं ते कोणाला विचारायचं, तेवढं सांगा."

मी माझ्या मॅनेजरकडे गेले. माणूस सज्जन होता, नीट ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "आज तुझ्या काकांसाठी आपण हात घातला, तर उद्या बाकीच्यांनी आपल्यावर विश्वास का ठेवायचा?" तक्रारींची यंत्रणा जोडून घेऊ, असं त्याने कारखान्याला लिहिलं. पुढच्या टप्प्यात बघू, असं उत्तर आलं. कारखान्यातले खरेदी अधिकारी काकांना चांगले ओळखत होते. त्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "मॅडम, मला आता फक्त बघता येतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

नंतर एका दुपारी काकांनी मला दुकानात बोलावून घेतलं. बाहेर दगडूशेठला जाणाऱ्यांची गर्दी होती, आत पंखा आणि जुना मॉनिटर. त्यांचा एजंट बनवणाऱ्या कंपनीने त्याची नवी आवृत्ती पाठवली होती, तेव्हापासून ऑर्डरी पुन्हा येऊ लागल्या होत्या. काका खूश नव्हते. "हे काय बोलतायत ते मला मराठीत वाचून दाखवा," ते म्हणाले.

पडद्यावर दोन एजंट अतिशय नम्र इंग्रजीत बोलत होते. मी वाचत गेले. आमच्याने विचारलं, माल कधी? काकांचा म्हणाला, उद्या सकाळी, नक्की. आमच्याने आभार मानले.

"माझ्याकडे मालच नाही," काका म्हणाले.

"त्याला ते माहीत नाही. ठामपणे हो म्हटलं की सौदा होतो, एवढं तो शिकलाय."

"म्हणजे मी खरं सांगितलं तेव्हा मला काढलं, आणि हा माझ्या नावाने खोटं बोलला तर घेतलं?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी लगेच खरेदी अधिकाऱ्यांना फोन लावला. ते घाईघाईने म्हणाले, "अहो, फोन नका करू. तुमच्याकडून बदल आला की इथला एजंट पुन्हा शब्द मोडला असं धरतो. जमलं तर पाठवा कसंही." काकांनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि गल्लीतल्या एकेका दुकानात जाऊन कनेक्टर मागायला लागले. मीही बरोबर फिरले. कोणी थोडे दिले, कोणी नाही म्हणाले. आमच्या कंपनीच्या ओळखपत्राची दोरी माझ्या गळ्यात तशीच होती. मी ती काढून पर्समध्ये टाकली. जमले तेवढे कनेक्टर संध्याकाळी टेम्पोने गेले. कमीच होते.

परत आलो तर काकांच्या एजंटने उरलेल्या मालाची नवी तारीख देऊन टाकली होती. तीही मान्य झाली होती.

"बंद करा ते," काका म्हणाले.

"बंद केलं तर तुम्ही पुरवठादारांच्या यादीतून जाल. पुन्हा आत येणं फार कठीण जातं."

"माझ्या तोंडून मी न बोललेलं कोणी बोलत राहिलं, तर मी घरी जाऊन काय सांगू?"

मी बंद केलं. पडदा लगेच रिकामा झाला नाही. आमच्या एजंटचे दोन प्रश्न आले, तितकेच नम्र. मग तोही थांबला.

उरलेला माल काकांनी मुदतीत पोचवला, पण तोवर ते यादीत नव्हते. कारखान्याच्या गेटवर रखवालदाराने माल परत पाठवला. घाऊक धंदा त्यांनी सोडला. दुकान अजून आहे, फोनचे चार्जर आणि दिव्यांच्या माळा असतात. तक्रारींची यंत्रणा आम्ही पुढे खरंच जोडली. त्यानंतर मी काकांना सांगायला गेले की आता असं होणार नाही, तुम्ही पुन्हा अर्ज करा.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "होणार नाही, हे तुम्ही सांगताय की तो?" त्यांनी विचारलं.

मी सांगतेय म्हणावं, असं फार वाटलं, पण ठरवणार तोच होता. समोर एक बाई माळेचा रंग विचारत उभी होती. काका तिच्याकडे वळले आणि माळ लावून दाखवू लागले.