आवाजाचा डबा

माझे भाऊजी थापा मारण्यात पटाईत, पण एका माणसापुढे त्यांची डाळ कधी शिजली नाही. तो माणूस म्हणजे माझी थोरली बहीण. ताईला जन्मापासून दिसत नाही. भाऊजी दारातून नुसतं "आलो गं" म्हणाले की तिला कळायचं, आज साहेबांशी वाजलंय, किंवा तिचं औषध आणायचं राहिलंय आणि आता दुकान बंद होतं म्हणून सांगणार.

"खोटं बोलताना तुझा आवाज वर चढतो," ती म्हणायची.

भाऊजी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायचे. "मेहुणीबाई, ही बायको आहे की पोलीस चौकी?"

ते बसस्टँडवर घोषणा करायचे. कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर. तिथले सगळे त्यांना भोंगा म्हणत. ताई हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती आणि तिची बस तिथूनच सुटायची. एकदा फलाट बदलला, तेव्हा भाऊजींनी खिडकीतून तिची पांढरी काठी पाहिली आणि तीच घोषणा पुन्हा, अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून केली. ताई तरातरा खिडकीशी गेली. "मला दिसत नाही. ऐकू चांगलं येतं." त्या भांडणातूनच पुढे लग्न झालं, आणि भांडण काही थांबलं नाही.

मग भाऊजींच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढून टाकावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचेल, आवाज जाईल.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या कुणाचा नवरा पाटीवर लिहून दाखवेल, हातवारे करेल. हिने काय करायचं? गप्प बसलेला नवरा खोलीत आहे की नाही, हेसुद्धा तिला कळणार नव्हतं. मी म्हटलं, फोनवर टाइप करा, फोन त्याच्या ठरावीक आवाजात वाचून दाखवतो.

"तो कस्टमर केअरवाला?" भाऊजी भडकले. "माझ्या बायकोशी तो बोलणार?"

त्यापेक्षा त्यांनी स्वतःच्या आवाजाचा साठा करायचं ठरवलं. रोजची वाक्यं रेकॉर्ड करायची, फोनवर त्यांची बटणं करायची, बटण दाबलं की भाऊजी बोलले. आलो गं. पुढे पायरी आहे. चहा गरम आहे, जपून. चिडलीस का? चूक झाली, बस? त्यांनी कपड्यांचं कपाट रिकामं केलं, आतून रजया ठोकल्या आणि एका स्टुलावर माईक आणि ऑडिओ इंटरफेस घेऊन आत बसले. ऑडिओ इंटरफेस म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारी एक चपटी पेटी. त्यांच्या घरात तिला डबा म्हणत. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर नको म्हणून तो बाहेर, ताईपुढे; पडद्यावर काय आलंय ते तो तिला बोलून दाखवायचा. भाऊजी आतून टकटक करायचे आणि ताई रेकॉर्डिंगचं बटण दाबायची.

कॉम्प्युटर नवा होता, त्यावरची सिस्टिम त्याहून नवी, आणि डबा आपला जुनाच. सुरुवातीला तो कॉम्प्युटरला दिसेचना. भाऊजींनी फोन करून करून माझं डोकं खाल्लं. मी शाळेच्या ऑफिसातून सांगत होते: मधला जोड काढा, वायर थेट लावा, डब्याची कॉम्प्युटरशी ओळख करून देणारा नवा ड्रायव्हर उतरवून घ्या, सेटिंग्जमध्ये त्याला परवानगी द्या, बंद करून चालू करा. मग आवाज आला तो तडतडत. डबा आणि कॉम्प्युटर, दोन्हीकडचा वेग सारखा करायला सांगितला. शेवटी हेडफोनमध्ये गाणं वाजलं आणि भाऊजी फोनवर ओरडले, "वाजला!" मी येऊन बघते म्हटलं, तर म्हणाले, "नको. तू आलीस की सगळं श्रेय लाटशील."

त्यानंतर ऑपरेशनपर्यंत दोघं रोज रेकॉर्डिंग करत होते. घसा बसला की कोमट पाणी, की पुन्हा कपाटात. केलेलं ऐकून मात्र दोघांनीही पाहिलं नाही. भाऊजींना स्वतःचा फाटका आवाज नको होता. आणि ताई म्हणाली, "आत्ता खरा घरात आहेस ना? मग डब्यातला कशाला ऐकू?"

ऑपरेशन नीट झालं. भाऊजी घरी आले आणि मी सगळं त्यांच्या फोनवर चढवायला गेले. ताई केस विंचरून, चांगली साडी नेसून खुर्चीत बसली होती. पाहुणे यायचे असले की बसते तशी.

मी पहिली फाइल लावली. काही नाही.

"आवाज बारीक असेल," ताई म्हणाली.

आवाज वाढवला. हेडफोन बदलले, वायर बदलली, डबा काढून पुन्हा लावला. गाणं लावलं तर स्वच्छ वाजलं. मग मी फाइल पडद्यावर मोठी केली. आवाज असतो तिथे डोंगर-दऱ्या उमटतात. इथे एक सरळ रेघ. दुसऱ्या फाइलमध्येही रेघ. सगळ्यांत.

मी रेकॉर्डिंग चालू केलं, कपाटात जाऊन हेडफोन घातले आणि हॅलो म्हटलं. माझा आवाज कानात खणखणीत आला. डब्यावरचा हिरवा दिवाही लुकलुकला. बाहेर येऊन पाहिलं, तर पडद्यावर रेघच. डबा बोलणाऱ्याला त्याचा आवाज परस्पर ऐकवत होता, कॉम्प्युटरपर्यंत काही गेलंच नव्हतं. आत बसलेल्या माणसाला शंका यायचं कारणच नव्हतं.

मग सेटिंग्जमध्ये सापडलं. नवी सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एकदाच विचारते, याला माईक वापरू द्यायचा का. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमपुढे उत्तर होतं, नाही. मी ते बदललं, हॅलो म्हटलं, आणि माझ्या त्या फालतू हॅलोचे डोंगर पडद्यावर उभे राहिले. इतका राग आला मला त्या डब्याचा.

भाऊजी माझ्या मागे उभे होते. त्यांनी सगळं वाचलं. कॉम्प्युटरनं आपणहून काही विचारलं की डोळे झाकून नाही म्हणायचं, हा धडा ताईला त्यांनीच दिला होता, एकदा कुणीतरी तिला फसवायला बघितलं तेव्हा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं?" ताईनं विचारलं. "बोला ना कुणीतरी."

भाऊजींनी खिशातून फोन काढला. गळ्याला पट्टी होती. टाइप करायला वेळ लागला.

"डबा बिघडला होता," तो कस्टमर केअरवाला म्हणाला. "माझी चूक."

ताई दचकली. तिनं त्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"पहिल्या दिवशी मी बटण दाबलं तेव्हा त्यानं कसली तरी परवानगी मागितली होती," ती म्हणाली. "मी पुरतं ऐकलंसुद्धा नाही. नाही म्हटलं. त्यामुळे तर नाही ना झालं हे?"

भाऊजींनी टाइप केलं.

"नाही," फोन म्हणाला.

ताईनं मान तिरकी केली. आयुष्यभर त्यांची थाप पकडताना करायची तशीच.

"परत म्हण."

"नाही."

"अजून एकदा."

"नाही," फोन म्हणाला. तितकाच सपाट, तितकाच स्वच्छ.

ताईनं हात पुढे करून चाचपडत त्यांचा हात धरला आणि ती रडायला लागली.

"मला या आवाजात काहीच कळत नाही रे," ती म्हणाली.