हातावरचं दही

भूलतज्ज्ञ डॉ. पाठकांनी सिरिंजमध्ये भुलेचं औषध भरलं होतं. टेबलावर सुमन होती. हे तिचं खरं नाव नाही. चोपड्याजवळच्या खेड्यातली, दोन मुलांची आई. ‘माझी आतडी सडली’ म्हणत तिनं अन्न सोडलं होतं, आता पाणीही. डिप्रेशन इतकं खोल गेलं की गोळ्यांची वाट बघण्यात माणूस हातचा जातो. म्हणून ईसीटी, लोकांच्या भाषेत शॉक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावात मी तो भूल देऊनच करत असे.

भुलेला पोट रिकामं लागतं. नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाते. मी शेवटचं विचारलं, “उपाशीच आहे ना?”

तिची सासू, अक्का, दारातून म्हणाली, “खादं काहीच नही, डॉक्टर. निंघताना हातवर दही-साखर दिधं. ते काय खावानं शे?”

पाठकांनी सिरिंज खाली ठेवली.

मी चिडलो, पण कुणावर चिडणार? चांगल्या कामाला निघताना हातावर दिलेलं दही आपल्याकडे कुणी खाण्यात धरत नाही. त्यात सुनेनं कधी नव्हे ते तोंड उघडलं, म्हणून अक्कानं हौसेनं वाटीभर भरवलं होतं.

पाठक म्हणाले, उद्या बघू. सासरे, आबा, ऐकेनात. गावाचा विरोध पत्करून ते आले होते.

“भूल ऱ्हाऊ द्या. तसाच शॉक द्या. नहीतं दुपारनी बसमा मी तिले घर ली जास.”

तसा देणारे होते तेव्हा. पण त्यात शरीर जोरात झटके खातं, हाडं मोडू शकतात, आणि उलटीची भीती राहतेच. घरी गेली तर ती मरणार, हेही दिसत होतं.

“आबा, आता सलाइन लावतो. शॉक संध्याकाळी देऊ. तुम्ही आत उभं राहून बघा. नाही पटलं, तर खुशाल न्या.”

आबा बाकावर बसले. पाठक कुरकुरत का होईना, संध्याकाळी परत यायला तयार झाले.

संध्याकाळी आबा भिंतीला टेकून उभे होते. भूल दिली, स्नायू सैल करणारं औषध दिलं, करंट दिला. सुमनच्या पायाची बोटं तेवढी थरथरली.

“इतलंच?” आबांनी विचारलं.

आणखी काही शॉकनंतर सुमननं स्वतःहून भाकरी मागितली. अक्का ताटली घेऊन माझ्या केबिनच्या दारात आली, ‘देऊ का?’ विचारायला. मी मान डोलावली.

तेव्हापासून मी ‘उपाशी आहे ना?’ असं विचारत नाही. ‘सकाळपासून तोंडात काय काय घातलं?’ असं विचारतो. यादी बरीच मोठी निघते.