ताईंच्या सहीचा अर्ज

चूक माझी होती, आणि ती मी चांगल्या वळणदार अक्षरात केली. माझं अक्षर बरं आहे म्हणूनच ताईंनी तो अर्ज मला लिहायला सांगितला होता.

लालबागला, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. पुढे काउंटर, तिथे मी मॅनेजर. मागच्या खोलीत मशीन, इस्त्रीची तीन टेबलं आणि कोपऱ्यात डाग काढायचं टेबल. त्या टेबलावर एकोणीस वर्षं ताई बसल्या. समोर केमिकलच्या सात-आठ बाटल्या, दोन ब्रश, पांढऱ्या फडक्यांची चळत.

कुठलाही कागद पुढे आला की ताई आधी पदराने चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "वाचल्याशिवाय सही नाही, भाऊ." पगाराचं व्हाउचर असो नाही तर कुरिअरची पावती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. त्यांचे वडील गिरणीत कामाला होते आणि संध्याकाळी बुद्धविहारात चाळीतल्या पोरांना अक्षरं शिकवायचे. ही सवय त्यांचीच. कुरिअरवाला मात्र वैतागायचा. "ताई, पार्सल आहे, कोर्टाचं समन्स नाही," म्हणायचा. ताई म्हणायच्या, "मग घाई कशाला?"

कपडा हातात घेतला की त्या डाग आधी हुंगायच्या. एकदा एक तरुण आईबरोबर झब्बा घेऊन आला. श्रावण चालू होता. आई म्हणाली, ऑफिसात चहा सांडला. ताईंनी झब्बा नाकाशी नेला, त्या मुलाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चहाच आहे. मसाल्याचा. निघेल." ती दोघं गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, "मटणाचा रस्सा आहे, भाऊ. चांगला झाला असणार." असे कितीतरी लोकांचे कितीतरी डाग त्यांनी काढले, पण कुणाचं नाव कधी बाहेर काढलं नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या पोटात सगळ्या गल्लीचं मावतं.

साधारण दोन वर्षांपूर्वी ताईंचं बिनसायला लागलं. काम करता करता ब्रश खाली ठेवायच्या. चेहरा लाल व्हायचा, भांगातून घामाची धार लागायची. मान पुसेपर्यंत उलट थंडी वाजायची. इस्त्रीवरच्या बाया चेष्टा करायच्या, "ताई, वाफ सुटली का?"

"सुटली ना. शर्ट ठेव माझ्या पाठीवर, कडक निघेल."

एका दुपारी बाया जेवायला बसलेल्या असताना ताई काउंटरशी आल्या. मला वाटलं, रजा हवी असेल. त्यांनी सरळ सांगितलं, "भाऊ, पाळी जायची वेळ आलीय माझी. तुम्ही पुरुषमाणूस, पण सांगितल्याशिवाय तुम्हाला पुढचं कळायचं नाही."

मी मान खाली घालून बिलबुकाची पानं सारखी करत राहिलो.

त्या म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात जाऊन आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास त्यांना रोजचा दिनक्रम विचारला. काय खाता, कधी झोपता, चहा किती, तंबाखू आहे का, काम कसलं. "तीस वर्षांची मिश्री सोडली, भाऊ. पहिले आठ दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. चहा सहाचा दोनवर आणला. रात्रीचं तिखट बंद. माझगावहून आता चालत येते. पुष्कळ फरक पडला. पण इथे येऊन बसले की पुन्हा सुरू."

पिशवीतून त्यांनी घरचं कॅलेंडर काढलं. ज्या दिवशी त्रास झाला त्या दिवशी पेनाने फुली, जास्त वेळा झाला तर जास्त फुल्या. कामाच्या दिवसांचे चौकोन फुल्यांनी भरले होते. रविवारचे जवळजवळ मोकळे होते.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाचं आहेच. पण उकाडा आणि कोंदट हवा असली की ते वाढतं. केमिकलचं त्या छातीठोक सांगत नाहीत. पण दिवसभर तो वास घेणं कुणालाच बरं नाही म्हणाल्या. हवा खेळती पाहिजे." मग म्हणाल्या, "माझ्या हातातलं मी सगळं केलं. खिडकी तुमच्या हातात आहे."

ही खिडकी ताईंच्या टेबलामागे होती. आधीच्या लग्नसराईत शेरवान्या टांगायला जागा पुरेना म्हणून मी ती प्लायवूड ठोकून बंद केली आणि तिथे पाइप लावला. शेठ तेव्हा महिनाभर बाहेरगावी होते. परत आल्यावर जागा वाढलेली बघून त्यांनी माझी पाठ थोपटली. खिडकी गेली हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मी सांगितलं नाही. केमिकलच्या खोलीची एकुलती एक खिडकी बंद करायची नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"शेठना अर्ज लिहून द्या," ताई म्हणाल्या. "खिडकी उघडा आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, एवढंच लिहा. माझ्या दुखण्याचं नको. ते तुम्हाला म्हणून सांगितलं."

मी लिहिलं: "वयोमानानुसार माझी पाळी बंद होत असल्याने मला कामाच्या जागी त्रास होतो. तरी मला हलके काम मिळावे, ही विनंती." खिडकीचा शब्द नाही. पंख्याचा नाही. आपण बाईचं भलंच करतोय, असं मी मनाला सांगितलं, आणि थोडंफार ते खरंही वाटलं. पण त्या प्लायवूडचं नाव शेठच्या कानावर जाऊ नये, हे त्याच्या आधीचं कारण होतं.

ताईंनी कागद घेतला. सवयीने चष्मा काढला, पुसायला पदर धरला. मग चष्मा तसाच टेबलावर ठेवला. "तुम्ही लिहिलंय ना," म्हणाल्या, आणि सही केली.

ताई, वाचा, असं म्हणायला मला भरपूर वेळ होता.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. मशीन चालू होतं म्हणून मागच्या खोलीत सगळ्यांमध्ये उभं राहून त्यांनी तो अर्ज मोठ्याने वाचला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "अहो ताई, एवढंच ना? आमच्या घरीपण हेच चालू आहे," ते म्हणाले. कुणीतरी खुदकन हसलं. "उद्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा. डागांना दुसरी मुलगी आणू."

ताईंनी हात पुढे करून कागद मागितला. उभ्याउभ्या सगळा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यावरून त्यांची नजर त्या प्लायवूडवर गेली. शेठ म्हणाले, "बरोबर आहे ना?"

"सही माझीच आहे," ताई म्हणाल्या.

महिनाभर त्यांनी घड्या घातल्या, पिशव्या भरल्या. मला 'भाऊ' म्हणणं बंद झालं. "मॅनेजर, टेप संपली." "मॅनेजर, पिशव्या द्या." मग एका सोमवारपासून त्या यायच्या बंद झाल्या.

डागांच्या टेबलावर सव्वीस वर्षांची एक मुलगी बसू लागली. चार वाजले की ती डोकं धरायची. एकदा तिने मला विचारलं, "सर, आधीच्या ताईंनापण असंच व्हायचं का?" मी म्हणालो, त्यांचं वयाचं होतं. तिने पुढे विचारलं, "मग मला?"

त्या रविवारी मी माझगावला ताईंच्या घरी गेलो. त्या गॅलरीत कुणाच्या तरी साडीला फॉल लावत बसल्या होत्या. मला पाहून आश्चर्य वाटल्याचं त्यांनी दाखवलं नाही. सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी माझं सगळं बोललो. अर्ज, प्लायवूड, शेठची भीती. शेवटी म्हणालो, "ताई, मला माफ करा."

त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. "रस्त्यावरच्या कुणी केलं असतं तर मी विसरले असते. तुम्हाला मी नवऱ्याच्या आधी सांगितलं होतं." मग विचारलं, "टेबलावर कोण आहे आता?"

"एक मुलगी आहे."

"आणि खिडकी?"

"बंदच आहे."

"मग इथे काय माफी मागताय? माझं चार बायांत वाचलं गेलं. तिथे सांगा. पाणी प्या आणि निघा."

सोमवारी शेठ आल्यावर मी मशीन बंद करायला लावलं. बायांनी इस्त्र्या उभ्या केल्या. एवढी शांतता त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकली. ताई नव्हत्या. मी बोललो ते जसंच्या तसं लिहितो.

"शेठ, ताईंनी हलकं काम मागितलं नव्हतं. त्यांनी खिडकी मागितली होती. ती मी बंद केली होती, तुम्हाला न विचारता. ते लपवायला मी त्यांचं दुखणं कागदावर आणलं, त्यांनी नको म्हटलेलं असताना. त्या दिवशी इथे हसायचंच होतं तर माझ्यावर हसायला हवं होतं. ताईंची मी तुमच्या सगळ्यांसमोर माफी मागतो."