सोलापुरात कडक भाकरी कुठे मिळेल?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही कल्लाप्पाकाकांना ओळखत नाही, म्हणून असेल. वाचून तोंड वाकडं कराल — करा. मी रडायला बसलेली नाही आणि माफीबिफी मागायचाही विचार नाही. जे झालं ते एकदा स्वतःच्या तोंडानं सांगायचंय, एवढंच.

मी वेबसाइट बनवते. सोलापुरातल्या लहान धंदेवाल्यांसाठी — टॉवेलवाले, चादरवाले, एक दातांचे डॉक्टर, एक मंगल कार्यालय. पूर्वी हे काम सोपं होतं. माणूस फोनवर शोधायचा, समोर नावांची रांग यायची, आपलं गिऱ्हाईक त्या रांगेत जरा वर सरकवलं की झालं. आता लोक एआयला विचारतात, शेजाऱ्याला विचारावं तसं — सोलापुरात चांगली कडक भाकरी कुठे मिळेल? आणि ते यंत्र रांग दाखवत नाही. एक-दोन नावं सांगतं आणि गप्प बसतं. त्यात तुम्ही नसलात तर बाहेरगावच्या माणसासाठी तुम्ही नाहीच.

माझी धाकटी बहीण आशा त्यात नव्हती. मोडनिंबचं सासर सोडून, लेकीला घेऊन ती माझ्याकडे आली होती. का सोडलं, ते तिच्या मनगटावरच्या वळांकडे बघितलं की विचारावं लागायचं नाही. आमच्या मागच्या खोलीत तिनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी करायला घेतली. ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, वाळवून कडकडीत करायची. ती कितीतरी दिवस टिकते, म्हणून बाहेरचे लोक पाकिटंच्या पाकिटं नेतात. चटणी ती उखळात कुटायची, शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत. माल चांगला होता. पण गल्लीतल्या बायका भाकरी विकत कशाला घेतील? घेणारे पुण्या-मुंबईचे, आणि ते विचारणार यंत्राला. इकडे सासरचे निरोपावर निरोप. एक दिवस भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता आशा म्हणाली, "ताई, पाडव्यापर्यंत बघते. न्हाय जमलं तर जाते परत. तुझ्या घरात किती दिवस बसू?"

हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. तुम्ही लगेच मला सूट देऊ नका.

मी तिची वेबसाइट केली, आणि चोख केली. यंत्राला तयार प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं आवडतात, म्हणून तसंच लिहिलं — भाकरी किती दिवस टिकते, प्रवासात कशी न्यायची, चटणी तिखट किती. फोटो, पत्ता, वेळ, सगळं. एक अक्षर खोटं नव्हतं. मग रोज सकाळी चहा घेताना यंत्राला विचारायचे, आणि रोज ते एकच नाव सांगायचं — साखर पेठेतलं कल्लाप्पाकाकांचं दुकान.

काकांकडे वेबसाइट नव्हती. त्यांचा फोन बटणांचा. पण वर्षानुवर्षं लोक तिथं खाऊन गेले होते, नेऊन गेले होते, आणि कुठं कुठं चार चांगले शब्द लिहून गेले होते. काकांना त्याचा पत्ताही नव्हता. बोट न हलवता या माणसाचं नाव पहिलं, आणि माझी बहीण हाताला फोड येईतो कुटतेय तिचं नाव शेवटीसुद्धा नाही? राग आला मला. आजही येतो. काका वाईट असते तर हे सांगणं सोपं गेलं असतं. पण काका वाईट नाहीत. आमच्या वडिलांना ते मित्र मानायचे, मला लेकीसारखं 'यव्वा' म्हणून हाक मारतात, अजूनही.

संक्रांतीला आमच्याकडे सिद्धेश्वराची यात्रा असते. गड्डा म्हणतो आम्ही. काकांच्या घरातले पुरुष नंदीध्वज उचलतात — उंच, अवजड काठी, ती कमरेशी तोलून मिरवणुकीत चालायचं. त्या दिवसांत घरातलं कुणी दुकानाकडे फिरकत नाही. शटर खाली, त्यावर खडूनं 'दुकान बंद'. कधी उघडणार, हे लिहिलेलं नसतं. कशाला लिहितील? अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. गड्डा सरला की शटर वर जातं, आणि कुणीतरी ओल्या फडक्यानं खडू पुसून टाकतं.

पण हे पेठेला ठाऊक. पुण्याच्या माणसाला? यंत्राला?

मी त्या शटरसमोर स्कूटर थांबवली तेव्हा मला हे सगळं एकदम सुचलं. भूल पडली, हात आपोआप गेला, असलं काही मी सांगणार नाही. मी नीट विचार केला. उतरले, फोटो काढला.

घरी येऊन लिहिलं. आशाच्या वेबसाइटवर नाही — तेवढी हुशार मी आहे. खाण्यापिण्याच्या, प्रवासाच्या पानांवर, वेगवेगळ्या नावांनी. मुंबईहून आलेला कुणीतरी, हैदराबादचं एखादं कुटुंब. फार लांबून गेलो, पण ते जुनं दुकान कायमचं बंद झालं हो, वाईट वाटलं. सोबत शटरचा फोटो. आणि खाली, सहज आठवल्यासारखं — मग कुणीतरी आशाताईंचं नाव सुचवलं, तीच चव. कायमचं बंद. हे दोन शब्द मी लिहिले, पुन्हा वाचले आणि तसेच ठेवले. काका तेव्हा मिरवणुकीत, पांढऱ्या कपड्यांत, भक्तीनं घामाघूम झालेले असणार.

झालं. इतकंच? हो, इतकंच. कुणाचा खून नाही केला. पण पाडव्याच्या आधी यंत्राचं उत्तर बदललं. ते जुनं दुकान आता बंद झालं आहे, आशाताईंकडे चौकशी करावी — असं ते अगदी नम्रपणे सांगायला लागलं. आशाचा फोन वाजायला लागला. तिनं हाताखाली दोन बायका घेतल्या. सासरच्या निरोपांना तिनं स्वतः फोन करून उत्तर दिलं, आणि त्या फोननंतर ती पोटभर जेवली. ते बघताना मला आनंद झाला. निखळ आनंद. तो मी परत करणार नाही.

काकांकडे बाहेरगावच्या गाड्या थांबेनाशा झाल्या. भाकरीचे ढीग तसेच राहायला लागले. त्यांचा मुलगा म्हणायला लागला, जागा मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊ. मग एक दिवस काका स्वतः माझ्या दारात आले.

"यव्वा, पुन्याचं एक जोडपं आलतं. म्हनले, काका, तुमी बंद केलंवतं न्हवं? फोनमदी तसंच सांगतंय म्हनं. आता मी बंद कवा केलं? कुनी सांगितलं असंल गं त्याला?"

मी म्हणाले, "यंत्र आहे काका. चुकतं कधी कधी."

पहिलं खोटं मी बहिणीसाठी लिहिलं, असं म्हणून सुटू शकते. हे दुसरं? हे फक्त माझी कातडी वाचवायला होतं. मला लाज वाटते ती याची.

"तू ह्येच काम करतीस की," काका म्हणाले. "त्याला सांग की, मी हाय म्हनून."

मी त्यांची वेबसाइट केली. तीही चोख. आधी लिहिलेलं शोधून शोधून पुसलं, पण तोवर ते इतरांनी उचललं होतं, त्यांच्याकडून आणखी कुणी. आता यंत्राला विचारलं तर दोन्ही नावं येतात. काकांच्या नावापुढे असतं — मध्यंतरी बंद पडलेलं हे जुनं दुकान पुन्हा सुरू झालं आहे. ते वाक्य माझ्याच्यानं निघत नाही. खूप प्रयत्न करून पाहिले.

पुन्हा तीच वेळ आली तर? पुन्हा तेच लिहीन. आशाला मोडनिंबच्या एसटीत बसवून मी चांगली बाई म्हणवून घेणार नाही.

परवा काकांच्या दुकानात गेले होते. एक कुटुंब भाकरी बांधून घेत होतं. त्यांतल्या बाई म्हणाल्या, बरं झालं काका, परत सुरू केलंत. पूर्वी काका अशा प्रत्येकाशी वाद घालायचे, दुकान कधीपासून आहे ते सांगायचे, शपथा घ्यायचे. या वेळी त्यांनी सुतळीची गाठ मारली आणि म्हणाले, "व्हय. मधी बंद व्हतं थोडं दिस."

ती माणसं गेल्यावर माझ्याकडे बघून हसले. "किती जनाला सांगत बसू, यव्वा? आता मीच म्हनतो, व्हतं बंद."

मी एक पाकीट भाकरी घेतली, पैसे दिले आणि घरी आले.