यादीतलं एक नाव

क्लबांनी पैसे मोजून बाहेरचे खेळाडू आणावेत का, असं हल्ली कुणी विचारलं की मी चहा मागवतो. तेवढाच वेळ जातो. पंचवीस वर्षं पुण्यातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी होतो; या प्रश्नाने मला पुरेसं दमवलं आहे.

आमचा गोलकीपर माझा शाळेपासूनचा मित्र. शनिवार पेठेत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. रविवारी सगळ्यांआधी मैदानावर येऊन पांढऱ्या फक्कीने रेषा तोच आखायचा, दोरीशिवाय, सरळ. शहराच्या लीगमध्ये एकदा तरी वरच्या गटात खेळायचं, एवढंच त्याला हवं होतं.

मग हिंजवडीकडची जमीन विकलेले एक गृहस्थ क्लबचे अध्यक्ष झाले. "पैशाचं मी बघतो, टीम वर गेली पाह्यजे," म्हणाले. बाहेरचे खेळाडू आणायचा ठराव आला तेव्हा पहिला हात माझ्या मित्राचा वर गेला, दुसरा माझा. दोन फॉरवर्ड आले आणि त्याच वर्षी आम्ही वरच्या गटात गेलो. मित्राने मैदानातच बसकण मारली आणि बराच वेळ उठला नाही.

पुढच्या मोसमाआधी अध्यक्षांनी गोलकीपरही आणला, तेवीस वर्षांचा, उंचपुरा. लीगकडे द्यायची यादी भरलेली होती, एक नाव कमी करणं भाग होतं. कोणतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. चार दिवस मी ती यादी खिशात घेऊन हिंडलो. शेवटी मित्रच म्हणाला, "तुझ्याच्याने होत नसेल तर पेन इकडे दे." त्याने आपल्या नावावर रेघ मारली. मी थांबवलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पहिल्या सामन्याच्या सकाळी त्याने नेहमीसारख्या रेषा आखल्या आणि गोलच्या मागे जाऊन उभा राहिला. मोसमभर तो तिथेच दिसायचा.

वर्षभराने बाहेरून आणलेले तिघेही जास्त पैसे देणाऱ्या क्लबकडे गेले. त्यांचंही काय चुकलं? मी दुकानात जाऊन मित्राला म्हटलं, परत ये, आता जागा आहे. समोरच्या उघड्या घड्याळावरून त्याने मान वर केली नाही.

"वरचा गट बघून झाला माझा," तो म्हणाला. "जाळीच्या मागून."

त्या रविवारी तो आला नाही. रेषा मी आखल्या. वाकड्या आल्या.